बुजऱ्या मुलाचे संगोपन : स्वभाव आजार होऊ नये म्हणून पालकांनी काय करावे

पाहुणे आले, चहा झाला, आणि कोणीतरी कौतुकाने म्हटले, "काकांना नाव सांग बघू." मूल आईच्या मागे सरकते, तिच्या ओढणीचे टोक मुठीत धरते आणि मान खाली घालते. पुढच्या चारपाच सेकंदांत घरोघरी वेगवेगळे काही घडते. एखाद्या घरी आईच नाव सांगून टाकते. एखाद्या घरी बाबा ओशाळून "घरात नुसता धिंगाणा असतो, बाहेरच्यांसमोर मात्र तोंडाला कुलूप" असे म्हणतात. कुठे आजी "लाजरी आहे हो आमची" म्हणून विषय मिटवते, तर कुठे नाव सांगितल्याशिवाय मुलाला जागचे हलू दिले जात नाही. यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही बुजरा स्वभाव आणि चिंतेचा आजार यांच्यामधले अंतर राखले जाते की हळूहळू मिटत जाते, हे अशा शेकडो छोट्या प्रसंगांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा लेख त्या प्रसंगांविषयी आहे, आणि तो साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, तसेच त्या मुलांना सांभाळणाऱ्या आजीआजोबांसाठी लिहिला आहे.

मी स्वतः असे मूल होते. चौथीत असताना कविता म्हणता आली नाही म्हणून तास संपेपर्यंत मला वर्गासमोर उभे करण्यात आले, आणि त्यानंतर कितीतरी महिने पाठांतराच्या दिवशी सकाळी माझे पोट दुखत असे. घरच्यांनी काळजीने ओवा दिला, जंताचे औषध दिले, दोन डॉक्टर केले. पोट नेमके कोणत्या वारी दुखते, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. पुढे ज्या वहीचा उल्लेख येणार आहे, तिच्याविषयी मी इतक्या आग्रहाने का लिहिते आहे, हे यावरून लक्षात यावे.

बुजणे म्हणजे नेमके काय

अशा मुलांसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत: बुजरे, लाजाळू, भिडस्त, मुखदुर्बळ, घरकोंबडे, आणि राग आला की माणूसघाणे. हे सगळे शब्द एकाच स्वभावाचे वर्णन करत नाहीत, आणि पालकांनी पहिल्यांदा हा फरक करायला शिकले पाहिजे. भिडस्त मूल मागायला संकोचते, पण चार मुलांत रमते. माणूसघाणे म्हटले जाणारे मूल कित्येकदा एकटे खेळण्यात खरोखरच सुखी असते. त्याला माणसांची भीती वाटत नाही, फक्त गरज कमी वाटते, आणि त्यात चिंता करण्यासारखे काही नाही. या लेखाचा विषय असलेले मूल वेगळे आहे. नवे माणूस, नवी जागा किंवा नवी वस्तू समोर आली की ते थबकते, गप्प होते, जवळच्या माणसाला चिकटते आणि दुरून टक लावून पाहत राहते. बहुतेक वेळा त्याला त्या खेळात सामील व्हायचेही असते, पण पाऊल उचलत नाही. मानसशास्त्रात याला बिहेविअरल इनहिबिशन असे म्हणतात. बुजरेपणा हा आपला शब्द त्याला अगदी चपखल बसतो, कारण रस्त्यात काही अनोळखी दिसले की बैल बुजतो असे आपण म्हणतो, आणि त्या बैलाला कोणी भित्रा किंवा आजारी समजत नाही.

हा स्वभाव फार लवकर दिसतो. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती रंगीत खेळणी दाखवली, ध्वनिमुद्रित अनोळखी आवाज ऐकवले, उग्र वासाचा कापूस नाकाजवळ धरला. सुमारे पाचांतले एक बाळ हातपाय झाडू लागले, पाठ ताणून रडू लागले. सुमारे ४० टक्के बाळे शांतपणे पाहत राहिली. हातपाय झाडणाऱ्या बाळांपैकी अनेक बाळे पुढे दुसऱ्या वर्षी बुजरी निघाली. चार महिन्यांच्या बाळाला कोणी लाडावलेले नसते, धाकात ठेवलेले नसते आणि त्याच्या हाती मोबाइलही दिलेला नसतो. म्हणून "तूच त्याला असे करून ठेवलेस" हे वाक्य, जे आपल्याकडे बहुधा मुलाच्या आईलाच ऐकावे लागते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच अभ्यासांतून दुसरी गोष्टही पुढे आली: अशा बाळांतील सगळीच काही मोठेपणी भित्री झाली नाहीत. ती फारशी धीट आणि बोलकी झाली नसतील, पण त्यांतली पुष्कळशी मुले सर्वसाधारण, थोडी सावध अशी माणसे झाली.

आता काळजीचा भाग. २०१२ साली झालेल्या एका संकलित अभ्यासात असे दिसले की, सुमारे १५ टक्के मुलांमध्ये हा बुजरेपणा तीव्र असतो, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना पुढे केव्हातरी सामाजिक चिंतेचा विकार होतो, म्हणजे लोक आपल्याला पाहत आहेत, आपल्याला हसतील, या भीतीने शाळा, मैत्री, नोकरी असे सगळे आकसून जाते. बालपणीच्या स्वभावाचा आणि मानसिक आजाराचा इतका जवळचा संबंध फार थोड्या बाबतींत आढळला आहे. परंतु निम्म्या मुलांना तो विकार होत नाही, आणि पालकांनी याच निम्म्यांकडे पाहायचे आहे: त्यांचा स्वभाव तोच होता, मग त्यांच्या बाबतीत वेगळे काय घडले?

आजार कुठून आत येतो

भीती वाटणे हा स्वभाव झाला. आजाराला वाट करून देते ते टाळणे. मुलाला वाढदिवसाला जायचे आहे, ते दाराशी पोचते, आत गोंगाट ऐकते, त्याच्या छातीत धडधडते, ते रडू लागते, आणि आपण त्याला घेऊन परत येतो. रिक्षात बसताच मूल शांत होते. त्या शांत होण्यात मोठे बक्षीस दडलेले असते. मुलाचे मन त्या क्षणी एक धडा शिकते की, तिथे काहीतरी धोका होता आणि पळालो म्हणून वाचलो. आत गेल्यावर पंधरावीस मिनिटांनी भीती आपोआप उतरली असती, हा दुसरा धडा त्याला मिळतच नाही, कारण तेवढा वेळ ते तिथे कधी थांबलेलेच नसते. पुढच्या वेळी भीती आधीपेक्षा लवकर येते, मग दारापर्यंतही जाणे होत नाही, मग निमंत्रण आले तरी पोट दुखते.

या साखळीत घरातले सगळे हातभार लावतात, आणि तो मायेपोटीच लावतात. मुलाच्या वतीने उत्तर देणे, त्याच्यासाठी दुकानात मागणे, शिक्षकांना "याला पुढे बोलावू नका" असे सांगणे, रात्री दिवा आणि शेजारी आई असल्याशिवाय त्याला झोपूच न देणे, ही सगळी मदत तात्पुरती सुटका देते आणि भीतीला बळ पुरवते. केगन यांच्याच गटातील एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या आया बाळ कुरकुरले की लगेच उचलून घेत नसत आणि मर्यादा ठामपणे सांगत, ती चटकन घाबरणारी बाळे दोन वर्षांची होईपर्यंत तुलनेने कमी भित्री झाली. दुसऱ्या टोकाचीही चूक तितकीच खरी आहे. केनेथ रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुजऱ्या लहान मुलांचा माग काढला, तेव्हा ज्या मुलांच्या आया सतत हस्तक्षेप करत किंवा मुलाची टर उडवत, त्यांच्यात दोन वर्षांचा बुजरेपणा चार वर्षांपर्यंत टिकून राहिला. या अभ्यासांत माता पाहिल्या गेल्या म्हणून उल्लेख त्यांचा आहे. वडील, आजी, काका यांच्या वागण्याचे वजन कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

म्हणजे करायचे ते काम या दोहोंच्या मधले आहे. मुलाला पाण्यात ढकलायचे नाही, आणि काठावरून उचलून घरीही आणायचे नाही. त्याच्याबरोबर काठावर थांबायचे, पाय भिजू द्यायचे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील रॉन रेपी यांनी बालवाडीच्या वयातील बुजऱ्या मुलांच्या पालकांसाठी सहा सत्रांचा एक अभ्यासक्रम तयार केला. त्यात मुलावर काहीच उपचार नव्हते, फक्त पालकांना शिकवले जात असे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर त्या घरांतील मुलांमध्ये चिंतेचे विकार लक्षणीय प्रमाणात कमी झाले होते, मात्र मुलांच्या बुजरेपणाच्या मोजमापात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. स्वभावाला औषध नाही असे आपण निराशेने म्हणतो. येथे तर स्वभाव जिथल्या तिथे राहिला आणि तरीही आजार टळला.

पंधरा दिवसांची वही

कोणताही बदल करण्याआधी पंधरा दिवस फक्त पाहावे आणि लिहावे. साधी दोनशे पानी वही घ्यावी, आणि प्रत्येक प्रसंगासाठी तीनचार ओळी लिहाव्यात. प्रसंग कोणता होता, समोर कोण होते, मूल काय करू लागले, त्याला मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, आणि त्या वेळी आपण काय केले, इतके पुरे. "आज खूप घाबरली" अशी नोंद उपयोगाची नाही. "सोसायटीच्या बागेत तीन अनोळखी मुली होत्या, बारा मिनिटे बाकावर माझ्याजवळ बसून पाहिले, मग झोपाळ्यावर गेली, बोलली नाही, पण हसली" अशी नोंद खूप काही सांगते. त्यात किती मिनिटे हा आकडा सर्वांत मोलाचा आहे, कारण मोकळे व्हायला वेळ घेणारे मूल आणि कधीच मोकळे न होणारे मूल यांतील फरक त्याच आकड्यात दिसतो.

शारीरिक तक्रारींचा वार आणि वेळ जरूर लिहावी: पोटदुखी, डोके दुखणे, मळमळ, शाळेच्या दिवशी सकाळी वारंवार शौचाला जाणे. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत यांतले काहीच होत नसेल, तर तो नाटकीपणा समजू नये. भीतीने दुखणारे पोट खरोखरच दुखते.

वहीतला शेवटचा भाग, म्हणजे आपण काय केले, हा लिहायला अवघड आहे आणि बहुतेकांना तोच टाळावासा वाटतो. पण पंधरा दिवसांनी वही वाचायला घेतली की, मुलाच्या वतीने आपण दिवसातून किती वेळा बोलतो, हे पाहून बहुतेक पालक थक्क होतात. आईवडिलांपैकी कोणी स्वतः बुजऱ्या स्वभावाचे असेल, आणि असे पुष्कळदा असते, कारण या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तर त्यांनी स्वतःच्या टाळण्याचीही नोंद ठेवावी. लग्नाला गेल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहणारे बाबा, आणि अनोळखी क्रमांकाचा फोन न उचलणारी आई, यांना मूल रोज पाहत असते.

मदत कमी करताना

वहीतून एकच प्रसंग निवडावा. सगळे एकदम सुरू करू नये. निवडलेला प्रसंग मुलाला हवा असलेला असावा, आपल्याला हवा असलेला नव्हे. पाहुण्यांसमोर पाढे म्हणणे ही मुलाची इच्छा नसते. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः गोळी आणणे ही बहुधा असते. म्हणून दुकानाचेच उदाहरण घेते.

पहिल्या आठवड्यात मूल आपल्याबरोबर दुकानात येते आणि फक्त पैसे दुकानदाराच्या हातात देते. बोलणे आपणच करतो. त्याचा कंटाळा येईपर्यंत तेच करावे. कंटाळा ही पुढे सरकण्याची खूण आहे, कारण ज्या गोष्टीची भीती शिल्लक असते तिचा कंटाळा येत नाही. मग मूल बोटाने वस्तू दाखवते. मग आपण शेजारी उभे असताना ते एकच शब्द बोलते, तो हळू आवाजात असला तरी चालेल. मग तेच पूर्ण वाक्य होते. मग आपण दोन पावले मागे, मग दुकानाच्या पायरीवर, मग रस्त्याच्या पलीकडे, जिथून आपण दिसतो. हे सगळे दोन महिने चालू शकते, आणि मध्येच एखाद्या दिवशी मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येईल. तेव्हा "परवा तर जमले होते" असे न म्हणता तीच पायरी पुन्हा करावी. दुकानदाराला आधी सांगून ठेवावे की, त्याने घाई करू नये आणि "अरे वा, आज बोलली!" असे मोठ्याने म्हणू नये. बुजऱ्या मुलाला लक्ष वेधले जाण्याचीच भीती असते, त्यामुळे जाहीर कौतुक त्याला शिक्षेसारखे वाटते. घरी आल्यावर, दोघेच असताना, नेमके काय जमले ते सांगावे: "आज भीती वाटत होती तरी तू उभी राहिलीस."

या सर्व काळात एक नियम मात्र पाळावा. भीती सर्वांत तीव्र असताना मुलाला तिथून उचलून नेऊ नये. पायरी फार मोठी झाली असे दिसले, तर तिथेच थांबून ती लहान करावी, थोडे दूर सरकावे, मुलाला टेकू द्यावे, पण श्वास जरा शांत होईपर्यंत त्याच परिसरात राहावे. शेवटची आठवण पळून जाण्याची नसावी.

आणि बोलायचे काय? "घाबरण्यासारखे काय आहे त्यात?" हे वाक्य वापरू नये, कारण मुलाला ते खोटे वाटते, त्याला तर भीती स्पष्ट जाणवत असते. "बरं, नको जाऊस" हेही पुरेसे नाही. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांच्या पालक-प्रशिक्षणात दोन गोष्टी एकत्र सांगायला शिकवतात: तुझी भीती मला दिसते आहे, आणि ती तुला पेलेल याची मला खात्री आहे. त्यानंतर आपण आपली कोणती मदत थांबवणार आहोत, तेवढेच सांगायचे, मुलाने काय करावे याचा हुकूम काढायचा नाही. उदाहरणार्थ, "उद्यापासून दुकानदाराने विचारले तर मी पाच आकडे मनात मोजेन आणि मगच बोलेन." हे पाच आकडे ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण कित्येक मुले तिसऱ्या किंवा चौथ्या आकड्याला स्वतःच बोलतात, हे मी पाहिले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, केवळ पालकांना दिलेले हे प्रशिक्षण मुलांच्या चिंतेवर थेट मुलांशी केलेल्या मानसोपचाराइतकेच परिणामकारक ठरले.

नातेवाईक, समारंभ आणि "गुणी मुलगी"

समारंभाला मुलाला घेऊन थोडे लवकर जावे. भरलेल्या कार्यालयात शिरण्यापेक्षा, रिकाम्या कार्यालयात हळूहळू माणसे येताना पाहणे बुजऱ्या मुलाला पुष्कळ सोपे जाते. पोचल्यावर पहिली दहा मिनिटे त्याला कोणाच्याही हाती देऊ नये. मावशी, आत्या, आजोबा यांना आधीच फोनवर सांगावे की, त्यांनी गालगुच्चा न घेता, थेट प्रश्न न विचारता शेजारी बसून काहीतरी करावे, कागदाची होडी करावी, शेंगा सोलाव्यात. मूल आपणहून जवळ येईल. नमस्कार हवाच असेल तर हात जोडणे पुरे मानावे, आवाजाचा आग्रह धरू नये. आणि मुलाच्या देखत त्याच्या स्वभावाविषयी चर्चा करू नये. "ही अशीच आहे" हे वाक्य वर्षभर ऐकलेल्या मुलीला आपण वेगळे वागू शकतो हे सुचतही नाही.

मुलींच्या बाबतीत एक अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते. आपल्या समाजात बुजऱ्या मुलाला "मुलीसारखा काय लाजतोस" असे हिणवले जाते, तर बुजऱ्या मुलीला "किती शांत, गुणी" अशी शाबासकी मिळते. दोघांचेही नुकसान होते, पण मुलीचे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. तिची भीती शिस्त म्हणून खपून जाते, आणि महाविद्यालयात तोंडी परीक्षेच्या दिवशी ती घरातून बाहेरच पडत नाही, तेव्हा सगळ्यांना ते अचानक झाल्यासारखे वाटते.

बुजरेपणाचे मोल काळाप्रमाणे कसे बदलते, याचा एक अभ्यास चीनमधील आहे. शिनयिन चेन यांनी शांघायमधील शाळकरी मुलांची १९९०, १९९८ आणि २००२ या तीन वर्षांत पाहणी केली. १९९० मध्ये लाजाळू मुले वर्गात आवडती होती, शिक्षकांच्या मते सक्षम होती. २००२ पर्यंत, बाजारपेठ आणि स्पर्धा वाढलेल्या त्याच शहरात, तशीच मुले वर्गाने नाकारलेली आणि अधिक खिन्न आढळली. स्वभाव तोच होता, भोवताल बदलला होता. ज्या आजोबांना "मीही लहानपणी असाच होतो, काय बिघडले?" असे वाटते, त्यांचे म्हणणे त्यांच्या गावापुरते आणि त्यांच्या काळापुरते खरे असू शकते, नातू मात्र गटचर्चा आणि सादरीकरणाच्या शाळेत शिकतो आहे. अमेरिकेतील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ साली सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासातून हाच विचार मांडला होता की, अडचण एकट्या स्वभावात किंवा एकट्या घरात नसते, ती या दोहोंचा मेळ न बसण्यात असते.

शाळेला काय सांगावे

पन्नाससाठ मुलांच्या वर्गात गप्प बसणारे मूल शिक्षकांना त्रास देत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार येत नाही आणि पालकांना सगळे आलबेल वाटते. जूनमध्ये, शाळा सुरू होताच, वर्गशिक्षकांना भेटून दोनतीन नेमक्या विनंत्या कराव्यात. मुलाला तोंडी प्रश्न विचारण्याआधी आदल्या दिवशी प्रश्न कळवावा. सुरुवातीला उत्तर शेजारच्या मैत्रिणीला सांगू द्यावे, मग बाकावरून, मग उभे राहून. स्नेहसंमेलनात त्याला वगळू नये. पडद्यामागचे काम, मग समूहगीतात दुसरी रांग, असे स्थान द्यावे. पूर्ण सूट मागू नये. सूट मिळाली की टाळण्याला शाळेचीही संमती मिळते.

मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेले, किंवा आईवडिलांच्या नोकरीमुळे बेंगळुरूला, आखातात किंवा युरोपात गेलेले मूल नव्या भाषेत काही महिने गप्प राहते, ती भाषा मुरण्याची वेळ असते. ते मूल मराठी बोलणाऱ्या अनोळखी मुलांशी बोलते का, हे पाहिले की शंका फिटते.

तापट मुलाविषयी थोडेसे

बुजऱ्या मुलाइतकेच लक्ष दुसऱ्या टोकाच्या मुलाकडे हवे: चटकन भडकणारे, आवरता न येणारे, एका जागी न टिकणारे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजही माग घेतला जात आहे. तीन वर्षांच्या वयात नोंदलेल्या स्वभावावरून एकविसाव्या वर्षी काय दिसले, ते १९९६ साली प्रसिद्ध झाले: आवर नसलेल्या मुलांमध्ये समाजविघातक वर्तन अधिक होते, बुजऱ्या मुलांमध्ये नैराश्य अधिक होते, आणि आत्महत्येचे प्रयत्न दोन्ही गटांत अधिक होते. संबंध फार प्रबळ नव्हते, म्हणजे बहुसंख्य मुले या दोन्हींपासून दूर राहिली, परंतु ते होते.

तापट मुलाशी वर सांगितलेल्या पायऱ्या उपयोगी नाहीत. त्याच्या घरात बहुधा वेगळी साखळी तयार होते: मूल भोकाड पसरते, मोठे ओरडतात, मूल आणखी चढते, शेवटी मोठे थकून त्याची मागणी पुरी करतात, आणि आरडाओरड्याचा उपयोग होतो हे दोघेही शिकतात. तिथे कमी नियम, ते रोज सारखेच, शांत आवाजात, आणि मूल नीट वागत असताना त्याच्याकडे मुद्दाम लक्ष, एवढे करावे लागते. ग्राझिना कोचान्स्का यांच्या संशोधनातून दिसते की, भित्र्या मुलात चांगल्यावाइटाची जाणीव रुजायला सौम्य शब्द पुरतात, तर निर्भय मुलात ती धाकाने रुजत नाही, आईवडिलांशी असलेल्या जिव्हाळ्याने रुजते. एकाच घरात असे दोन स्वभाव असतील तर दोघांना एकच छडी, किंवा एकच लाड, लागू करण्यात न्याय नाही.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

वही सोबत घेऊन जावे, आणि खालील परिस्थितीत वाट पाहू नये. मुलाची भीती मोठ्या माणसांपुरती नसून बरोबरीच्या मुलांमध्येही आहे आणि ती सहा महिने टिकली आहे. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ एक शब्दही बोलत नाही, आणि तो शाळेचा पहिला महिना नाही. आईपासून दूर होण्याची भीती वयाला शोभणारी राहिलेली नाही आणि ती महिनाभर तशीच आहे. शाळेला दांड्या वाढत आहेत, वजन किंवा झोप घटते आहे, पूर्वी आवडणारे खेळ सुटले आहेत. मूल मरणाविषयी किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

हाक मारली तरी न वळणारे, नजरेला नजर न देणारे, बोलणे उशिरा आलेले मूल बुजरे आहे असे परस्पर ठरवू नये. त्याची श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी आधी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या आणि शासकीय शाळांत ही प्राथमिक तपासणी होते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर केंद्रे आहेत. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावेत, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. लहान मुलांच्या चिंतेवर सहसा प्रथम मानसोपचार, आणि त्यात पालकांचा सहभाग, असाच क्रम असतो; पहिल्याच भेटीत केवळ गोळ्या मिळाल्या आणि घरी काय करायचे याविषयी एक अक्षरही सांगितले गेले नाही, तर दुसरे मत घ्यावे. कोणाकडे जावे हेच समजत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

वही टाकून देऊ नये. सामाजिक चिंतेचा विकार बहुधा आठ ते पंधरा या वयात सुरू होतो, म्हणजे नेमका माध्यमिक शाळेत जाताना, शरीर बदलत असताना, जेव्हा मुले आईवडिलांना फारसे काही सांगत नाहीत. पाचवीत किंवा आठवीत शाळा बदलली की ती वही काढावी, आणि या वेळी ती मुलाच्याच हाती द्यावी. सहा वर्षांपूर्वी ज्या दुकानासमोर आपण चौदा मिनिटे उभे होतो, त्या दुकानाची ती नोंद त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्यावी, आणि नव्या वर्गासाठी पहिली पायरी कोणती असावी, हे त्याचे त्याला लिहू द्यावे.